दक्षता समितीने दिलेली फाशी

रेशन दुकानाच्या रांगेत उभं राहिलं की भिंतीवरच्या पाट्या वाचायला भरपूर वेळ मिळतो. भाव, साठा, दुकान उघडण्याची वेळ, आणि कुठेतरी खाली 'दक्षता समिती' असं लिहून चार-पाच नावं. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्यात ही समिती थेट रास्त भाव दुकानाच्या पातळीवरही आहे. धान्य मापात मिळतंय का ते पाहायचं आणि गडबड दिसली तर वर लेखी कळवायचं, एवढंच तिचं काम. कायद्यातलं तिचं इंग्रजी नाव 'व्हिजिलन्स कमिटी'. जवळपास याच नावाच्या एका समितीने १८५६ साली अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्को शहरात चार माणसांना फासावर लटकवलं. तिचे सभासद होते सुमारे सहा हजार. न्यायाधीश म्हणून सरकारने नेमलेला त्यात एकही नव्हता.

'व्हिजिलँटी' हा शब्द इंग्रजीत रुजला तो याच काळात, अशाच समित्यांमुळे.

इंग्रजी बातम्यांचं मराठी करण्याचं काम मी बरीच वर्षं केलं. या शब्दापाशी हमखास अडायला व्हायचं. एकदा एका सहकाऱ्याने 'दक्ष नागरिकांनी ट्रक अडवून चालकाला बेदम मारहाण केली' असं वाक्य करून दिलं. शब्दकोश उघडून बघितला तर चूक काढता येईना. पण वाचणाऱ्याला वाटणार की चालकानेच काहीतरी केलं असणार, आणि मारणाऱ्यांना पालिकेतर्फे शाल-श्रीफळ मिळणार. 'व्हिजिलंट' म्हणजे सावध आणि 'व्हिजिलँटी', या दोन इंग्रजी शब्दांमधल्या एका अक्षराचा फरक मराठीत येता येता नाहीसा झाला होता.

साधा अर्थ असा. कोणीही नेमलेलं नसताना जो स्वतःच कायद्याचा राखणदार होतो, गुन्हा काय आणि गुन्हेगार कोण हे स्वतः ठरवतो, आणि शिक्षाही स्वतःच देतो किंवा देण्याचा धाक घालतो, तो व्हिजिलँटी. असं वागण्याच्या प्रकाराला म्हणायचं व्हिजिलँटिझम.

मूळ शब्द मात्र अगदी निरुपद्रवी आहे. लॅटिनमध्ये 'विगिल' म्हणजे जागा असलेला. इ.स. ६ मध्ये सम्राट ऑगस्टसने रोममध्ये 'विगिलेस' नावाचं दल उभारलं. सात तुकड्या, काम आगी विझवण्याचं आणि रात्री गस्त घालण्याचं. हे दल सरकारी होतं. स्पॅनिशमध्ये याच मुळापासून आलेला शब्द आजही साध्या रखवालदारासाठी वापरतात. माद्रिदच्या मॉलमध्ये दाराशी गणवेश घालून उभ्या असलेल्या माणसाच्या छातीवर हाच शब्द असतो, आणि तो तिथे कोणाला फाशी द्यायला उभा नसतो. पिशवी उघडून दाखवा म्हणतो, बस.

आपल्याकडेही या मुळाच्या अगदी शेजारी बसणारा शब्द आहे: जागल. पीक तयार झालं की रानडुकरांपासून आणि चोरांपासून राखण करायला रात्री शेतात जाऊन बसायचं, ती जागल. गावगाड्यात रात्रीचा पहारा ज्याच्या माथी मारलेला असे तो जागल्या. हे काम जातीने वाटलेलं असे, आवडीने पत्करलेलं नव्हे, हे इथे विसरून चालणार नाही. पुढे वर्तमानपत्रांनी हाच शब्द 'व्हिसलब्लोअर'साठी उचलला, म्हणजे संस्थेतला गैरव्यवहार बाहेर काढणाऱ्या माणसासाठी. मला ही निवड फार आवडते. जागल्या ओरडतो, लोकांना उठवतो. निवाडा दुसऱ्यांनी करायचा असतो.

मग जागं राहणाऱ्याच्या हातात दोर कसा आला?

जानेवारी १८४८ मध्ये कॅलिफोर्नियात सोनं सापडलं. सॅन फ्रान्सिस्को तोवर हजारभर वस्तीचं बंदर होतं. दोनेक वर्षांत तिथे वीस-पंचवीस हजार माणसं गोळा झाली. बहुतेक पुरुष, बहुतेक तरुण, आणि कोणीच तिथे राहायला आलेलं नाही. सोनं काढायचं आणि घरी जायचं. अशा गावात पोलीस कोण होणार आणि ज्युरीत बसायला वेळ कोणाला असणार? लाकडी घरांचं शहर वारंवार जळत होतं. मे १८५१ च्या मोठ्या आगीनंतर लोकांचा संशय ऑस्ट्रेलियातल्या कैद्यांच्या वसाहतींतून आलेल्या टोळ्यांवर होता. जून १८५१ मध्ये व्यापाऱ्यांनी पुढाकार घेऊन समिती स्थापन केली. नियमावली लिहिली, सभासदांची नोंद ठेवली, घंटेचा इशारा ठरवला. पहिला माणूस सापडला तो तिजोरी चोरून होडीतून पळताना. त्याच रात्री समितीने त्याची 'सुनावणी' घेतली आणि उजाडायच्या आत चौकात फाशी दिली. गुन्हा चोरीचा.

त्या वर्षी समितीने सुमारे नव्वद जणांना पकडलं. चौघांना फाशी दिली, काहींना देशाबाहेर घालवलं, काहींना सरकारी यंत्रणेकडे सोपवलं आणि ४१ जणांना सोडून दिलं. हा शेवटचा आकडा मला महत्त्वाचा वाटतो. हे लोक पिसाळलेला जमाव नव्हते. कागद ठेवत होते, साक्षी तपासत होते, पुरावा नसेल तर सोडतही होते. म्हणून तर त्यांचं उदाहरण इतकं अवघड आहे.

याच काळातली एक गोष्ट कोणत्याही बाजूच्या माणसाला झोपू देणार नाही. फेब्रुवारी १८५१ मध्ये एका व्यापाऱ्याला मारहाण करून लुटलं गेलं. पोलिसांनी एकाला पकडलं. तो ओरडून सांगत होता की मी तो नव्हेच. तो दिसायला जेम्स स्टुअर्ट नावाच्या कुख्यात गुन्हेगारासारखा होता, हाच त्याचा गुन्हा. चिडलेल्या जमावाने त्याला त्याच वेळी लटकवलं असतं, थोडक्यात बचावला. पुढे दुसऱ्या गावच्या रीतसर न्यायालयाने स्टुअर्टने केलेल्या खुनासाठी त्यालाच फाशीची शिक्षा सुनावली. तेवढ्यात खरा स्टुअर्ट समितीच्या हाती लागला, त्याने कबुली दिली, आणि निरपराध माणूस सुटला. म्हणजे जमाव चुकला, न्यायालयही चुकलं, आणि वाचवलं ते कायदा हातात घेणाऱ्यांनी! समितीचे चाहते ही गोष्ट सांगायला कधी विसरले नाहीत. पण तिच्यातच दुसरी गोष्टही आहे. न्यायालयाने शिक्षा आणि फाशी यांच्यात काही दिवस जाऊ दिले, म्हणून चूक दुरुस्त व्हायला माणूस जिवंत होता. चौकात रातोरात लटकवलेल्याला ती सवलत नसते.

१८५६ ची समिती वेगळी होती. एका वर्तमानपत्राच्या संपादकाने नगरमंडळाच्या एका सदस्याबद्दल छापलं की हा पूर्वी न्यूयॉर्कच्या तुरुंगात होता. त्याने संपादकाला भर रस्त्यात गोळी घातली. संपादक वारला आणि दोन दिवसांत समितीने त्या सदस्याला, आणि आधीच्या एका खुनातल्या आरोपीला, एकाच वेळी फाशी दिली. समितीने आपल्या कार्यालयाभोवती वाळूच्या गोण्या रचून तटबंदी केली होती. लोक त्याला 'फोर्ट गनीबॅग्ज' म्हणत. त्यातला 'गनी' म्हणजे आपली गोणी, हिंदुस्थानातून इंग्रजीत गेलेला शब्द. गोणपाटाचा किल्लाच म्हणा ना. समितीच्या शिक्क्यावर चित्र होतं सताड उघड्या डोळ्याचं. या डोळ्याने राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या एका न्यायाधीशालाही सोडलं नाही. समितीच्या माणसाला भोसकल्याबद्दल त्यांना कित्येक आठवडे गोण्यांच्या आड डांबून ठेवलं होतं. राज्यपाल हताश होऊन पाहत राहिले.

आता गंमत पाहा. या दुसऱ्या समितीने हद्दपार केलेल्यांत आयरिश राजकीय कार्यकर्त्यांचा भरणा होता, आणि समितीतले पुढारी होते बडे व्यापारी. ऑगस्टमध्ये समिती विसर्जित झाली. तिच्याच माणसांनी काढलेल्या पक्षाने पुढची दहाएक वर्षं शहर चालवलं. गुन्हेगारी हटवायला निघालेले लोक वाटेत विरोधकही हटवून आले. हा योगायोग होता असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

मोंटाना भागात १८६३-६४च्या हिवाळ्यात हाच प्रकार अधिक रक्तरंजित झाला. तिथे तर फाशी दिलेल्यांत खुद्द शेरीफ होता. तिथल्या मंडळींची खूण म्हणून ३-७-७७ असे आकडे ओळखले जातात. त्या आकड्यांचा अर्थ काय यावर आजही वाद आहेत. पण मोंटानाच्या महामार्ग पोलिसांच्या गणवेशावर ते आजही शिवलेले असतात.

एवढ्या इतिहासातून शब्दात काय उरलं? तक्रार करणारा, तपास करणारा, निवाडा देणारा आणि शिक्षा अंमलात आणणारा, या चार माणसांना आपण मुद्दाम वेगळं ठेवतो. एक चुकला तर दुसऱ्याने अडवावं म्हणून. व्हिजिलँटी या चारही खुर्च्यांवर एकटाच बसतो. त्याचा राग खरा असू शकतो, समोरचा माणूस खरोखर गुन्हेगार असू शकतो, तरीही तो व्हिजिलँटीच असतो. हे कळलं की आजूबाजूचे शब्द आपोआप वेगळे होतात. भावाच्या खुनाचा सूड घेणारा माणूस व्हिजिलँटी नाही, तो स्वतःचं भांडण लढतो, समाजाच्या वतीने बोलत नाही. बंडखोरही व्हिजिलँटी नाही, कारण बंडखोराला चालू व्यवस्था मोडायची असते. व्हिजिलँटी मात्र म्हणतो, मी व्यवस्था वाचवतोय. 'लिंचिंग' हे कृत्याचं नाव. बहुधा व्हर्जिनियातल्या चार्ल्स लिंच या जमीनदारावरून ते आलं, आणि तो स्वतः तिथला दंडाधिकारी होता! तर व्हिजिलँटी हे माणसाचं नाव.

आणि स्वतःचा बचाव करणारा तर नाहीच नाही. आपला कायदा याबाबत बराच उदार आहे. जिवावर बेतलं तर हल्लेखोराला मारण्यापर्यंत मुभा आहे, पण धोका असेपर्यंतच, आणि पोलिसांकडे जायला वेळ असेल तर तीही नाही. सामान्य माणसाला अटकसुद्धा करता येते, हे पुष्कळांना माहीत नसतं. डोळ्यांदेखत दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा घडला तर कोणीही गुन्हेगाराला धरून ठेवू शकतो. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० नुसार विनाकारण उशीर न करता, आणि सहा तासांच्या आत, त्याला पोलिसांच्या ताब्यात द्यावं लागतं. धरायची परवानगी आहे. धरल्यावर खांबाला बांधून पट्ट्याने मारायची नाही.

इथे आपल्या मराठीकडे जरा बोट दाखवतो. 'मोबाइल चोराला नागरिकांनी यथेच्छ चोप देऊन पोलिसांच्या स्वाधीन केले' हे वाक्य आपण इतक्यांदा वाचलंय की त्यात दोन गुन्हे आहेत हे लक्षातच येत नाही. एक चोरीचा, एक मारहाणीचा. चोप, प्रसाद, धुलाई, पाहुणचार. मारण्याला आपल्याकडे किती लाडिक नावं! शिवाय करणाऱ्यांनाही आपण त्यांच्याच पसंतीने नाव देतो: गोरक्षक, संस्कृतिरक्षक, धर्मरक्षक. इंग्रजी शब्द सांगतो की हा माणूस काय करतो. मराठी शब्द सांगतो की तो कशाचं रक्षण करतो, म्हणजे त्याचा दावा आपण वाक्याच्या कर्त्यातच मान्य करून टाकतो. 'संस्कृतिरक्षकांनी जोडप्याला बागेतून हुसकावले' असं लिहिलं की संस्कृतीला त्या जोडप्यापासून धोका होता, हे सिद्ध न करताच सिद्ध झालं. 'मॉरल पोलिसिंग' हा शब्दही तसा फसवाच. त्यात नैतिकही काही नाही आणि पोलीसही.

१ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा. आठवडी बाजाराचा दिवस. सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडून आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजातले पाच जण तिथे उतरले. भिक्षा मागत गावोगाव फिरणं ही त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. मुलं पळवणारी टोळी आलीय अशा अफवा व्हॉट्सअ‍ॅपवरून कित्येक आठवडे फिरत होत्या. जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि ठार मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली.

दोष फोनवर ढकलायचा मोह होतो. पण १ सप्टेंबर १९२३ ला जपानमध्ये तोक्योच्या परिसरात प्रचंड भूकंप झाला तेव्हा फोन कोणाच्या हातात होता? कोरियन लोक विहिरींत विष कालवतायत, अशी आवई उठली. मोहल्ल्यामोहल्ल्यांत 'जिकेइदान' उभी राहिली, म्हणजे शब्दशः स्वसंरक्षण पथकं. रस्त्यात नाके लावून येणाऱ्या-जाणाऱ्याला अमुक शब्द उच्चारून दाखव म्हणत, आणि उच्चार चुकला की संपवत. हजारो कोरियन मारले गेले. चिबा प्रांतातल्या फुकुदा गावात तर मारले गेले ते जपानीच, दूरच्या कागावाहून आलेले औषधं विकणारे फिरस्ते, नऊ जण. त्यांची बोली गावकऱ्यांना परकी वाटली. फुकुदा आणि राईनपाडा यांच्यात जवळपास शंभर वर्षांचं अंतर आहे. परमुलखातून आलेले, झोळी-पेटी घेऊन फिरणारे, बोलीवरून उपरे वाटणारे लोक दोन्हीकडे तेच.

राईनपाड्यानंतर सोळा दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने तहसीन पूनावाला खटल्यात निकाल दिला. जमावाच्या हिंसेविरुद्ध प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षक दर्जाचा अधिकारी नेमा, खटले लवकर चालवा, पीडितांना भरपाई द्या, असे आदेश त्यात होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम १०३(२) आलं. पाच किंवा अधिक जणांनी मिळून वंश, जात, समुदाय, लिंग, जन्मस्थान, भाषा, वैयक्तिक श्रद्धा किंवा अशाच कारणावरून खून केला तर प्रत्येकाला फाशी किंवा जन्मठेप. मुलं पळवल्याच्या निव्वळ संशयावरून केलेला खून 'अशाच कारणा'त बसेल का, हा वकिलांचा वाद. साध्या खुनाचं कलम तर आहेच.

या सगळ्यात माझ्या घशाखाली न उतरणारं प्रकरण नागपूरचं आहे. १३ ऑगस्ट २००४ ला कस्तुरबानगर वस्तीतल्या बायकांनी एका गुंडाला न्यायालयातच ठार मारलं. वर्षानुवर्षं त्याने वस्तीवर दहशत बसवली होती, बलात्काराचे आरोप होते, खंडणी होती, आणि तक्रार घेऊन गेलेल्या बायांना पोलीस परत पाठवत होते. पुढे २०१४ मध्ये आरोपी पुराव्याअभावी निर्दोष सुटले. मी वर जी व्याख्या केली तिच्यात हे कृत्य चपखल बसतं. पण सॅन फ्रान्सिस्कोच्या सावकारांना आणि या बायकांना एकाच शब्दाच्या गोणीत भरताना हात थांबतो. त्या व्यापाऱ्यांकडे शहर होतं, पैसा होता, वर्तमानपत्रं होती; न्यायालयं नीट करायची ताकद त्यांच्यात होती, आणि त्यांनी दोर निवडला. या बायकांनी आधी सगळ्या दारांवर थापा मारल्या होत्या. शब्द कृत्याचं वर्णन करतो, कोणाला किती दोष द्यायचा ते ठरवत नाही, एवढंच मी स्वतःला सांगत आलोय.

सरकारच माणसं उभी करतं तेव्हा शब्द आणखी ताणला जातो. गडचिरोलीच्या सीमेपलीकडे, बस्तरमध्ये २००५ पासून 'सलवा जुडूम' चाललं. वरवर लोकांनी माओवाद्यांविरुद्ध केलेला उठाव, प्रत्यक्षात आदिवासी तरुणांना विशेष पोलीस अधिकारी म्हणून बंदुका दिलेल्या. ५ जुलै २०११ ला सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवलं. इथे 'स्वयंघोषित' म्हणणार तरी कसं? आणि पोलिसांनीच निवाडा केला तर? हैदराबादजवळ डिसेंबर २०१९ मध्ये बलात्कार व खुनाचे चार आरोपी चकमकीत मारले गेले तेव्हा लोकांनी पोलिसांवर फुलं उधळली. न्यायमूर्ती विकास सिरपूरकर यांच्या आयोगाने २०२२ मध्ये सांगितलं की पोलिसांचं म्हणणं विश्वासार्ह नाही आणि गोळ्या जाणूनबुजून घातल्या. फुलं परत कोणी उचलली नाहीत.

उलट काही देशांत या शब्दाला वाईट वासच नाही. नायजेरियात 'व्हिजिलँटी' म्हणजे मोहल्ल्याची रात्रपाळीची गस्त. लोक वर्गणी काढून तिला पैसे देतात, काही राज्यांनी तिच्यासाठी कायदेही केले. तिथल्या बातमीत 'व्हिजिलँटीने चोर पकडला' असं आलं तर ते आपल्या ग्रामसुरक्षा दलासारखं वाचायचं, निदान पुढची ओळ वाचेपर्यंत. पेरू देशात १९७६ मध्ये डोंगराळ चोता भागातल्या शेतकऱ्यांनी गुरंचोरांविरुद्ध गस्ती सुरू केल्या. १९९३ च्या राज्यघटनेने त्यांना कलम १४९ मध्ये जागा दिली. आधी कायद्याबाहेर असलेले लोक असे हळूच आत आले. इंडोनेशियात यासाठी जो वाक्प्रचार आहे त्याचा शब्दशः अर्थ 'स्वतःच न्यायाधीश-न्यायाधीश खेळणं'. मला तो सगळ्यांत नेमका वाटतो.

तर मराठीत लिहायचं काय? 'दक्ष नागरिक' कदापि नको. 'जागल्या'ही नको, तो चांगल्या कामाला लागलाय. 'झुंड' आणि 'जमाव' फक्त गर्दीला म्हणावं. ओळखपत्र छापून, पावतीपुस्तक ठेवून काम करणाऱ्या संघटनेला जमाव म्हटलं की ती जबाबदारीतून अलगद सुटते. मी स्वतः 'स्वयंघोषित रखवालदार' किंवा थोडं लांब पण स्वच्छ 'कायदा हातात घेणारे' असं लिहितो. 'गोरक्षक' लिहायचंच झालं तर 'स्वतःला गोरक्षक म्हणवणारे' असं. उपसंपादक म्हणतात मथळ्यात बसत नाही. मग 'मारहाण करणारे' लिहा, ते बसतं. समाजमाध्यमांवर कोणाचा पत्ता आणि फोन उघड करून त्याला कान धरून माफी मागायला लावणाऱ्यांसाठी 'सायबर व्हिजिलँटी' चालतं, कारण शिक्षा तीच आहे, फक्त चौकाऐवजी पडद्यावर. उच्चार व्हि-जि-लँ-टी, शेवटी दीर्घ ई. 'व्हिजिलंट' म्हटलं तर अर्थ होतो सावध, आणि तो स्तुतीचा शब्द आहे. केंद्रीय दक्षता आयोग, बँकेतले व्हिजिलन्सवाले, रेशन दुकानातली समिती, हे सगळे त्या सावध बाजूचे. त्यांच्याकडे नेमणुकीचा कागद असतो, आणि त्यांच्याविरुद्धही कुठेतरी तक्रार करता येते.